बिडाच्या जुन्या चुलीचा डँपर: अडकलेला सोडवायचा कसा, गेलेला नवा करायचा कसा

पन्हाळ्याच्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बिडाची एक चूल आहे. बेळगावच्या कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्याचं सामान विकायला निघालं तेव्हा आजोबांनी ती घेतली. दारावरची अक्षरं झिजून गेलीत, एक पाय तुटलाय, तिथं वीट लावलीय. घरात तिला सगळे 'इंग्रजी चूल' म्हणतात. वर पातेली ठेवायला दोन गोल झाकणं, पोटात लाकडं आणि मागून निघालेलं पत्र्याचं धुराडं कौलांतून बाहेर. पन्हाळा सुमारे ३,००० फुटांवर. डिसेंबरात खाली कोल्हापुरात एका स्वेटरवर भागतं, वर मात्र रात्री सगळं घर या चुलीभोवती गोळा होतं.

मागच्या दिवाळीत ती पेटवली आणि दहा मिनिटांत घरभर धूर. डँपरची, म्हणजे धुराड्यातल्या झडपेची, मूठ धुराड्याच्या रेषेत उभी होती, म्हणजे झडप उघडी, असं मी धरून चाललो होतो. दांडा फिरवून बघितला, लोण्यासारखा फिरला. दुसऱ्या दिवशी धुराडं उतरवलं तेव्हा कळलं, आतली चकती दांड्यावरून सुटून आडवी पडली होती आणि दांडा एकटाच गोल गोल फिरत होता.

ती चकती पिशवीत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात बिडाचं ओतकाम करणाऱ्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी ती उजेडाला धरली, नखानं कडेचा एक पापुद्रा काढला आणि म्हणाले, "ही जळून गेल्याली न्हाई. पावसानं खाल्लीया. जून ते सप्टेंबर लावून ठिवला असशीला न्हवं?"

"होय."

"मग? आग काय करत न्हाई बिडाला. वल्ली काजळी करती."

त्यानंतर ओळखीच्यांच्या पाच-सहा चुलींचे डँपर मी उघडले. पश्चिमेकडच्या, गगनबावडा-राधानगरी भागातल्या फार्महाउसांवर अशा जुन्या चुली हल्ली हौसेनं आणून बसवतात. एक सोडली तर सगळ्यांची कहाणी तीच. लाकडाच्या धुरात ॲसेटिक आम्लासारखी आम्लं असतात, ती काजळीत मुरून राहतात. कोरडी असेपर्यंत काजळी निरुपद्रवी. पावसाचं पाणी किंवा नुसती दमट हवा तिच्यात शिरली की आंबट चिखल होतो आणि तो चार महिने दांड्याला चिकटून बसतो. म्हणून दुरुस्ती कशी करायची ते सांगतोच, पण पावसाळ्याचा भाग वगळून बाकीचं केलंत तर दोन वर्षांनी हेच काम पुन्हा कराल.

डँपर करतो काय

चुलीला दोन लगाम असतात. खालचा म्हणजे राखेच्या दाराजवळची हवेची खिडकी. ती किती हवा आत जाणार हे ठरवते. वरचा म्हणजे धुराड्यातला डँपर. तो गरम वायू किती जोरात वर ओढले जाणार हे ठरवतो. आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबालाही हेच दोन लगाम होते: खाली राखेचं तोंड आणि वर नळकांड्यावर अर्धवट सरकवलेलं झाकण. पाणी तापलं की ती झाकण थोडं सरकवायची. पूर्ण कधीच लावायची नाही. का, ते पुढे येईलच.

धुराड्यातला डँपर म्हणजे एक गोल चकती, तिच्या मधून गेलेला आडवा दांडा, बाहेरच्या टोकाला मूठ आणि मूठ जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग. एवढंच यंत्र. चकतीत भोकं किंवा कडेला खाचा असतात. त्या सजावटीच्या नाहीत. झडप पूर्ण लावली तरी धुराड्याचा साधारण पाचवा हिस्सा उघडा राहावा, यासाठी त्या असतात.

तुमच्या चुलीला पोटात भट्टी, म्हणजे पाव-बिस्किटं भाजायचा कप्पा असेल, तर आणखी एक सरकती पट्टी असते. ती उघडी असताना धूर सरळ धुराड्यात जातो, लावली की कप्प्याभोवती फेरी मारून जातो. कप्पा तापत नाही अशी तक्रार असेल तर आधी ही पट्टी बघा. बहुतेक वेळा तिच्या खोबणीत राख भरलेली असते, झाडून काढली की काम झालं.

हात लावण्याआधी

चूल किमान एक पूर्ण दिवस थंड असू द्या. राखेखाली निखारा किती वेळ जिवंत राहतो हे ज्यांनी चूल सारवलीय त्यांना सांगायला नको. राख पत्र्याच्या डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. जुन्या चुलीच्या दाराला आणि सांध्यांना पांढरट-करडी दोरी ठासलेली असते. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, आणि नुसती बघून ओळखता येत नाही. ती कोरडी खरवडू नका, वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. पाण्यात थोडा साबण घालून ती चिंब भिजवा, ओली असतानाच सबंध उचला, दोन पिशव्यांत बांधा आणि चांगला मास्क लावूनच हे करा. नाकावर रुमाल बांधून भागत नाही. डँपरच्या कामात तिला हात लावायची गरज नसेल तर तशीच राहू द्या. नवी दोरी सिरॅमिक फायबरची किंवा काचतंतूची मिळते.

खाली जुनी चादर अंथरा. धुराडं उतरवताना किती काजळी पडते याचा अंदाज पहिल्यांदा कुणालाच येत नाही. मला आला नव्हता, आणि स्वयंपाकघर माझं नाही हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं.

नेमकं काय बिघडलंय

धूर आत येतोय म्हणजे डँपरच गेला असं नाही. धुराडं वर तुंबलेलं असेल, टोपीच्या जाळीत चिमणीचं घरटं असेल किंवा धुराड्याची उंची कमी असेल. ठोकताळा असा: धुराडं छपरातून जिथं बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर हवं, आणि आजूबाजूच्या १० फुटांत जे काही असेल, म्हणजे कौलांचा आढा, शेजारची भिंत, पाण्याची टाकी, त्याहून २ फूट उंच हवं. बऱ्याच घरांत नंतर टाकी चढते आणि मग चुलीला दोष दिला जातो.

हे सगळं ठीक असेल तर डँपरकडे या. चूल थंड असताना मूठ फिरवा आणि कान लावा. चकती जागेवर असेल तर ती धुराड्याला टेकल्याचा हलका 'टक' ऐकू येतो. मूठ फिरते पण आवाज नाही, म्हणजे चकती सुटलीय. मूठ अर्ध्यात थांबते, म्हणजे कडेला काजळी साचलीय किंवा चकती वाकलीय. मूठ हलतच नाही, म्हणजे दांडा भोकात गंजून बसलाय. मूठ सोडली की आपोआप खाली पडते, म्हणजे स्प्रिंग मेलीय. यात धुराडं उतरवायचीही गरज नाही.

मग आत बघा. जवळचा सांधा सोडवता येत नसेल तर चुलीचं वरचं झाकण काढून मोबाइल आत धरा आणि टॉर्च लावून फोटो काढा. आरसा हवाच असं नाही. चकतीवर भेगा, कडेला पापुद्रे, दांड्याजवळ झिजून लांबट झालेलं भोक, एवढं त्यात दिसायला हवं.

फोटोत दिसणार नाही असं एक बिघाडाचं कारण आहे, ते सांगतो. बीड वर्षानुवर्षं ५०० अंशांच्या पुढे तापून थंड होत राहिलं की ते कायमचं थोडं फुगतं. त्यातल्या कार्बाइडचं विघटन होऊन ग्रॅफाइट सुटतं, ते जास्त जागा घेतं, आणि भेगांतून आत शिरलेली हवा लोखंडाला आतून गंजवते. थंड झाल्यावर चकती मूळ मापावर परत येत नाही. म्हणून वीस वर्षं चाललेला डँपर, स्वच्छ असूनही, एके दिवशी अडकायला लागतो. अशी चकती कडेनं घासून मोकळी करता येते, पण तिचं आयुष्य संपत आलंय हे धरून चाला.

अडकलेला दांडा सोडवणं

धुराड्याचा तो तुकडा उतरवून अंगणात न्या. उतरवण्याआधी प्रत्येक सांध्यावर खडूनं उभी रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना स्क्रूची भोकं शोधत बसावं लागत नाही.

आधी वायर ब्रश आणि पातळ पट्टीनं सुटी काजळी काढा. डांबरासारखी काळी, चकचकीत, कडक काजळी ब्रशानं निघत नाही. तिला धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी लावून तासभर ठेवा, मऊ पडते. मग लगेच पुसून उन्हात सुकवा.

आता दांडा. दोन्ही बाजूंच्या भोकांत रॉकेल किंवा डिझेल सोडा, गंज सोडवायचं तेल असेल तर उत्तम, आणि रात्रभर विसरून जा. सकाळी पान्ह्यानं दांडा धरा आणि पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी तसूभर हलवा. एकाच दिशेनं जोर लावला तर दांडा पिळवटतो. पुढे-मागे केल्यानं गंजाची भुकटी होते आणि ती बाहेर पडते. मध्ये मध्ये तेल सोडत राहा. घाई असलेल्या माणसानं हे काम करू नये.

हातोडी मारायचा मोह होतो. बिडाच्या चकतीवर हातोडी मारणं म्हणजे कौलावर मारणं. मारायचीच तर दांड्याच्या टोकावर, मधे लाकडाचा तुकडा धरून, हलक्या हातानं.

एवढ्यानंही नाही सुटला, तर उष्णता द्यायची. पण तेल पूर्ण पुसून, वाळवून, उघड्यावर. गॅसच्या बर्नरनं भोकाभोवतीचा पत्रा तापवा, दांडा नाही. पत्रा तापला की भोक मोठं होतं. लगेच पान्हा लावा. मोकळा झाला की दांडा बाहेर काढा आणि पॉलिश पेपरनं घासून साफ करा.

परत बसवताना ग्रीस किंवा तेल लावू नका. ते जळून त्याचीच काजळी होते आणि दांडा आधीपेक्षा घट्ट बसतो. ग्रॅफाइटची पूड चोळा. ती कोल्हापुरात शोधावी लागत नाही, ओतशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानांत मिळते.

झिजलेली भोकं, मेलेली स्प्रिंग

भोक लांबट झालं की दांडा तिरका होतो आणि चकती एका बाजूला घासते. पत्र्यावर वेल्डिंगचा थर देऊन पुन्हा भोक पाडणारे लोक आहेत. पातळ पत्रा त्यात जळतो. त्यापेक्षा ३ मिलिमीटर जाडीची, बोटभर लांब पट्टी घ्या, तिला धुराड्याच्या गोलाईप्रमाणे वळवा, मधोमध दांड्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं भोक पाडा आणि बाहेरून दोन रिव्हेट मारून बसवा. दोन्ही बाजूंना. १० मिलिमीटरच्या दांड्याला साडेदहाचं भोक. जाड पट्टीमुळे दांड्याला टेकायला जागा मिळते आणि हा सांधा पुढे सहसा झिजत नाही.

स्प्रिंगचं म्हणाल तर साधी पोलादी स्प्रिंग २००-२५० अंशांच्या पुढे हळूहळू ताण सोडते. म्हणून ती धुराड्याला चिकटून नको. मधे दोन-तीन वॉशर घालून ती लांब ठेवा आणि शक्यतो स्टेनलेस स्टीलची घ्या. मूठ लाकडाची नको, करपते. जाड तारेची वळी करून केलेली जुन्या पद्धतीची मूठ सगळ्यात चांगली, वळ्यांमधून हवा खेळते आणि ती हाताला कमी भाजते.

नवी चकती

चकती फुटली असेल किंवा पापुद्रे सुटून पातळ झाली असेल तर जोडू नका. बिडाला वेल्डिंग होतं, पण त्यासाठी तुकडा आधी तापवावा लागतो, निकेलची कांडी लागते, सावकाश थंड करावं लागतं. आणि एवढं करून, रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या चकतीत वेल्डच्या शेजारीच नवी भेग पडते. मी एकदा करून बघितलंय.

बाजारात तयार डँपर मिळाला आणि माप जुळलं तर घ्या. पण जुन्या धुराड्यांची मापं इंचात असतात आणि दर घराचं वेगळं निघतं. आपल्याकडे दोन रस्ते आहेत.

पहिला, बिडाची ओतून घेणं. कोल्हापूरच्या माणसाला याची भीती वाटायचं कारण नाही. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत सगळं ओतणारं हे गाव आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही जा. फक्त मोठ्या ओतशाळेच्या फाटकावर एका चकतीसाठी उभं राहू नका, तिथं तुमचं कुणी ऐकणार नाही. छोटी जॉबवर्क करणारी भट्टी गाठा, ज्या दिवशी त्यांची भट्टी लागते त्या दिवसाच्या आधी जा, आणि मेस्त्रींना सांगा की दुसऱ्या कामाच्या साच्याच्या पेटीत कोपऱ्याला एवढी घाला. कोपरा असतोच.

पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, म्हणून जुनी चकती चालते. तुकडे झाले असतील तर ते लाकडाच्या फळीवर चिकटवून, भेगा लांबीनं (पुट्टीनं) भरून द्या. इथं एक हिशोब लक्षात ठेवा. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं. १५० मिलिमीटरच्या चकतीवरून घेतलेली नवी चकती १४८.५ मिलिमीटरची येणार. डँपरच्या बाबतीत हे आपल्या पथ्यावरच पडतं, कारण जुनी चकती फुगलेली असते. पण दांड्याचं भोकही लहान येतं, ते ड्रिलनं मोठं करावं लागेल. बिडाचा साधा करडा ग्रेड, एफजी २००, पुरेसा आहे. डँपरवर ताण नसतो, तिथं भारी ग्रेड मागणं म्हणजे बैलगाडीला रेडियल टायर.

दुसरा रस्ता सोपा: ५ मिलिमीटर जाडीच्या साध्या लोखंडी प्लेटची चकती कापून घेणं. ही बिडाइतकी टिकत नाही, ५५० अंशांच्या आसपास साध्या पोलादावर खपल्या धरायला लागतात. तरीही डँपर चुलीच्या वर हातभर अंतरावर असेल तर कित्येक वर्षं जातात. २ मिलिमीटरचा पत्रा वापरू नका, पहिल्याच मोठ्या जाळात पापडासारखा वळतो. गॅल्वनाइज्ड पत्रा तर अजिबात नको. त्यावरचं जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, त्याच्या आधीपासून सुटायला लागतं, आणि त्याचा धूर छातीत गेला की ताप भरतो. ॲल्युमिनियमचा विचारही नको.

माप असं काढा. धुराड्याचा आतला व्यास तीन ठिकाणी मोजा, जुनं धुराडं क्वचितच पूर्ण गोल असतं. सगळ्यात लहान मापातून ३ मिलिमीटर वजा करा. आतला व्यास १५० असेल तर चकती १४७. तापल्यावर ती पाऊण मिलिमीटरभर वाढते, धुराडंही थोडं वाढतं, म्हणजे वाढीला जागा भरपूर उरते. बाकीची फट काजळीसाठी आहे. चकती घट्ट बसली म्हणजे काम चांगलं झालं, असं लेथवर काम करणाऱ्या माणसाला वाटतं. माझ्याकडे पहिली चकती १४९ ची कापून आली होती. महिन्याभरात अडकली.

आता भोकं. १५० मिलिमीटरच्या धुराड्यात १४७ च्या चकतीला ३० मिलिमीटरची चार भोकं पाडली की कडेची फट धरून बरोबर २० टक्के मार्ग उघडा राहतो. भोकं मधल्या बिंदूपासून ४५ मिलिमीटरवर, दांड्याच्या रेषेशी ४५ अंशांत घ्या, म्हणजे दांड्याच्या आड येत नाहीत. तुमचं माप वेगळं असेल तर त्याच हिशोबानं बघा, पण पाचव्या हिश्शापेक्षा कमी ठेवू नका. निखारे मंद धुमसत असतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. माणूस झोपेतच जातो. आजी बंबाचं झाकण पूर्ण लावायची नाही ती याचसाठी. तिला वायूचं नाव माहीत नव्हतं, इतकंच.

दांडा १० मिलिमीटर सळईचा घ्या, लांबी धुराड्याचा व्यास आणि मुठीसाठी ८० मिलिमीटर धरून. मध्यभागी चकती बसते तेवढा भाग कानशीनं एका बाजूनं सपाट करा. मग सपाट बाजूवर चकती ठेवून ६ मिलिमीटरचे दोन बोल्ट आरपार. नट आवळल्यावर बोल्टचं उरलेलं टोक हातोडीनं थोडं चेपा, म्हणजे तापून-निवून नट सुटणार नाही. आमच्या डँपरचं नेमकं हेच झालं होतं: गंजलेला नट राखेत सापडला. लोखंडी चकती असेल तर दांड्याला चार टाके वेल्डिंगही चालतं, पण एका बाजूला सलग ओढू नका, चकती वाकते. एक टाका या बाजूला, एक त्या बाजूला.

आणि एक छोटी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. दांड्याच्या बाहेरच्या टोकावर, मुठीच्याही पुढे, करवतीनं एक खाच पाडा, चकतीच्या रेषेत. उद्या मूठ सैल होऊन कुठंही फिरली तरी ही खाच बघून झडप उघडी की बंद ते कळतं. धुराड्याच्या रेषेत खाच म्हणजे उघडी, आडवी म्हणजे बंद. चकती दांड्यावरून सुटली तर मात्र खाचही खोटं बोलेल, म्हणून तो 'टक' ऐकायची सवय सोडू नका.

परत बसवणं आणि पहिला जाळ

डँपर चुलीच्या वरच्या पृष्ठभागापासून दीड ते दोन फुटांवर, हात सहज पोचेल असा हवा. दांडा आत घालायचा तर चकती आधी आतून धरून मग बाहेरून दांडा सरकवावा लागतो. हे दोन माणसांचं काम आहे.

धुराड्याचे तुकडे बसवताना बारीक, चुणीदार टोक खाली, चुलीच्या बाजूला. गवंडी पावसाच्या पन्हाळीच्या सवयीनं उलटं बसवतात. धुराड्यात आतल्या बाजूला ओलसर काजळी खाली ओघळते, ती आतच राहून चुलीत जायला हवी. उलटं बसवलं तर सांध्यातून बाहेर काळे ओघळ येतात. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

सांधे भरायला फायरक्ले आणि सोडियम सिलिकेट कालवून घट्ट लापशी करा. सोडियम सिलिकेट म्हणजे मोल्डिंगच्या वाळूत घालतात ते काचेसारखं चिकट पाणी. ओतशाळेत त्याला नुसतं सिलिकेट म्हणतात. साधं सिमेंट तडकतं, एम-सील करपतं. लावताना हातमोजे घाला. दांड्याच्या भोकांत मात्र ही लापशी जाऊ देऊ नका.

आग लावण्याआधी अगरबत्ती लावून चुलीच्या उघड्या दाराशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग मूठ हळूहळू आडवी करा, ओढ कमी होताना दिसते, पण पूर्ण थांबत नाही. पूर्ण थांबली तर भोकं कमी पडली.

पहिला जाळ लहान ठेवा, चार-सहा काटक्यांचा, आणि तासाभरानं थोडा मोठा. लापशी सावकाश सुकली नाही तर फुगून सुटते. या पहिल्या जाळाला खिडक्या उघड्या असू द्या, उरलेल्या तेलाचा वास येतो.

मग रोजच्या वापराची पद्धत. पेटवताना झडप पूर्ण उघडी. पंधरा-वीस मिनिटांनी लाकडं नीट धरली की थोडी थोडी लावत जा. धुराड्याला चुंबकानं चिकटणारा थर्मामीटर मिळतो. एकेरी पत्र्याच्या धुराड्यावर बाहेरून साधारण १२० ते २४० अंशांत काटा राहिला पाहिजे. खाली राहिला तर धूर आतच थंड होऊन डांबर साचतं, आणि साचलेलं डांबर एक दिवस पेटतं. चुलीचं दार उघडण्याआधी दर वेळी झडप उघडा, मिनिटभर थांबा, मग दार. आणि निखारे असताना झडप लावून झोपायला जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं बॅटरीवरचं यंत्र मिळतं, ते झोपायच्या खोलीत लावा.

लाकूड बाभळीचं, निलगिरीचं, सुबाभळीचं, जे मिळेल ते, पण एक उन्हाळा खाल्लेलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा: खणखणीत वाजलं तर कोरडं, भद्द वाजलं तर ओलं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात, म्हणजे मोठ्या भट्टीत, चिपाडं जळतात म्हणून चुलीत घालणारे भेटतात. चिपाडाचा जाळ भडकून वर जातो, ठिणग्या धुराड्यात चढतात आणि चकती लाल होते. चुलवाणाची गोष्ट चुलवाणापाशी.

मातीची निर्धूर चूल असेल तर

जिल्ह्यातल्या अनेक गावांत १९८० च्या दशकापासून सरकारी योजनेतून बांधलेल्या दोन भोकांच्या निर्धूर चुली आहेत. त्यातल्या काहींना धुराड्याच्या तोंडाशी पत्र्याची सरकती झडप असते. ती अडकण्याचं कारण नेहमी एकच: सारवताना माती फटीत गेलेली असते. पट्टी ओढून काढा, फट जुन्या सुरीनं साफ करा, डब्याच्या पत्र्याऐवजी २ मिलिमीटरची लोखंडी पट्टी कापून घाला, टोकाला वळवून मूठ करा. यात जाळ थेट पट्टीवर येत नाही, म्हणून २ मिलिमीटर पुरते. सारवताना फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. या चुलींचं धुराडं सिमेंटच्या पाइपचं असेल तर त्यातही ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. ते कापू नका, घासू नका.

मृगाच्या आधी

मे संपता संपता, वळवाचे एक-दोन पाऊस होऊन गेले की हे करा. धुराडं वरून खाली ब्रशानं झाडा. डँपरचा तुकडा उतरवा, चकतीच्या दोन्ही बाजू आणि दांड्याची दोन्ही टोकं कोरडी घासा, ग्रॅफाइट चोळा. चुलीतली राख शेवटच्या चिमटीपर्यंत काढा, कारण राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि त्याचा खार लोखंडाला लागतो. वरची टोपी बघा: कड तुटली असेल तर पाणी सरळ चकतीवर पडतं. टोपी नसेल तर पावसाळाभर धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घाला, आणि खाली मुठीला चिठ्ठी बांधा, 'वर डबा आहे'. आमच्याकडे ही चिठ्ठी आता दरवर्षी बांधली जाते, का ते विचारू नका.

चूल बंद करताना झडप लावून टाकायची सवय मोडा. ती उघडी ठेवा, खालची हवेची खिडकीही बोटभर उघडी ठेवा, म्हणजे धुराड्यात हवा फिरत राहते. पंधरवड्यातून एकदा मूठ पूर्ण फिरवून परत उभी करा. श्रावणात एखाद्या कोरड्या दुपारी मूठभर वाळक्या काटक्यांचा जाळ केलात तर आणखी चांगलं. त्या दिवशी आधी वर चढून डबा काढा.